नदीने दिलेली करवंटी

एकदा काय झालं, मथुरेची झोप उडाली. साधीसुधी नाही उडाली, बरं का. उडाली ती आढ्यावर जाऊन बसली आणि वरून तिच्याकडे बघत राहिली. खाली मथुरा टक्क जागी. उद्याचा दिवस पुरायचा कसा, एवढी एकच काळजी.

आता ही मथुरा कोण? तर एक होतं राजाचं नगर, आणि नगराबाहेर नदीकाठी होतं घटिकाघर. तिथे मोठ्या घंगाळात पाणी, पाण्यावर तांब्याची वाटी, आणि वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. भोकातून पाणी हळूहळू आत यायचं. वाटी भरायची आणि डुबुक करून बुडायची. बुडाली की झाली एक घटका. मग घंटेवर टोल द्यायचा आणि रिकामी वाटी पुन्हा पाण्यावर सोडायची. त्या टोलावर सगळं नगर जेवायचं, उठायचं, बसायचं. रात्री हे काम एक म्हातारा पहारेकरी करायचा आणि दिवसभर मथुरा.

काम बापाकडून आलेलं. बापाने तिला गणित शिकवलं, पंचांग शिकवलं, ग्रहांची चाल शिकवली. पोरं सांभाळून हे सगळं कसं करायचं, तेवढं शिकवायचं राहिलं. त्याला तरी कुठे ठाऊक होतं.

नवरा राजाच्या तांड्याबरोबर दूर देशी गेलेला. घरात तीन पोरं. थोरली आवडी, मधला भिवा आणि धाकटी ठकी. आवडीची वेणी घालायला बसावं, तर भिवा झाडावर. भिवाला उतरवावं, तर ठकी पिठात. ठकीला धुवावं, तर तिकडे वाटी बुडालेली आणि टोल राहिलेला. साऱ्या नगराची वेळ मथुरेच्या हातात, आणि तिच्या स्वतःच्या हाती काही वेळ लागत नव्हता.

त्या दिवशी प्रधानजी स्वतः येऊन गेले होते. म्हणाले, "मथुरे, पौर्णिमेला राजकन्येचं लग्न आहे. मुहूर्ताचा टोल तू देणार. आणि कालचा दुपारचा टोल कुठे गेला म्हणायचा?"

"धाकटीने नाकात हरभरा घातला होता, प्रधानजी."

"हरभऱ्यासाठी नगर उपाशी ठेवायचं? लग्नापर्यंत एक जरी टोल चुकला, तरी घटिकाघराची किल्ली मी दुसऱ्याकडे देईन."

मग झोप उडणार नाही तर काय होईल?

सकाळ झाली. मथुरा उगवत्या सूर्यापुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "सूर्यनारायणा, माझा दिवस पुरत नाही. एक घटका जास्तीची दे."

सूर्य म्हणाला, "एवढंच ना? आज जरा उशिरा मावळतो."

आणि खरंच तो थांबला, बरं का. डोंगरावर हनुवटी टेकवून बसून राहिला. पण झालं काय, की ऊन आहे म्हणून पोरं झोपेनात. ऊन आहे म्हणून राजवाड्यातून आणखी दोन निरोप आले. आणि ऊन आहे म्हणून शेजारची पारूकाकू पापड लाटायला बोलवून गेली. जास्तीची घटका आली तशी सगळ्यांनी वाटून खाल्ली. मथुरेच्या वाट्याला पोळपाटावरचं पीठ पुसायचं तेवढं आलं.

मग दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती चंद्रापुढे उभी राहिली. म्हणाली, "चांदोबा, मला अशी घटका दे, की ती माझी एकटीची असेल. दुसऱ्या कोणाला ती दिसायलाही नको."

चंद्र म्हणाला, "बरं. उद्या दुपारी एक घटका सारं जग थांबवतो. तू एकटी हल."

दुसऱ्या दिवशी दुपारी जग थांबलं. कावळा हवेत थांबला. वाऱ्यावरची पानं वाकडीच राहिली. मथुरेने पदर खोचला. म्हटलं, आता बघाच. तिने भाकरी थापली, तव्यावर टाकली, पण चुलीतला जाळच थांबलेला. भाकरी भाजेना. कपडे धुऊन वाळत घातले, तर वारा नाही, ते वाळेनात. आणि दारात ठकी उभी होती, शिंकता शिंकता थांबलेली. नाक वर, तोंड उघडं, डोळे मिटलेले. मथुरेने हातातलं सगळं टाकलं आणि तिच्यापुढे जाऊन बसली. आता ही शिंक कधी येते आणि येते की नाही, याच काळजीत तिची उरलेली घटका गेली. शेवटी शिंक आली. आईच्या तोंडावरच आली. मथुरेला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

पण काम होतं तिथेच होतं. मग ती तिसऱ्याकडे गेली. तिसरी कोण? तर नदी.

नदी म्हणाली, "बाई, मी कुठून जास्तीचं देऊ? माझ्याकडे येतं ते वाहूनच जातं. पण ही घे." आणि पाण्यातून एक करवंटी तरंगत आली. तिच्याही बुडाला बारीकसं भोक होतं. "रोज एकदा एका पोराचं नाव घेऊन ही पाण्यावर सोड. तरंगते आहे तोवर तू फक्त त्याची. दुसरं कोणी तुला हाक मारू शकणार नाही. तांब्याच्या वाटीच्या जरा आधीच ती बुडेल, म्हणजे तुझा टोल चुकायचा नाही."

"पण नदीमाय, बाकीचं काम?"

"ते पडून राहील."

"पडून राहिलं तर?"

"तर पडून राहील. मी किती काठ मागे टाकून जाते, तुला दिसत नाही का?"

मथुरा करवंटी घेऊन घरी आली. मनात म्हणाली, मागितला होता वेळ आणि मिळाली फुटकी करवंटी. हेही माझ्याच नशिबात.

तरी तिने ती आवडीच्या नावाने सोडली. घंगाळाशेजारीच बादलीत सोडली आणि पोरीला घेऊन तिथेच बसली. तेवढ्यात कुंपणावरून पारूकाकू डोकावली. "मथुरे" म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि निघाली काय, तर जांभई. ही एवढी मोठी. पुन्हा उघडलं, पुन्हा जांभई. शेवटी काकू घरी जाऊन झोपली. इकडे आवडीने मैत्रिणीशी झालेलं भांडण पहिल्यापासून सांगितलं. मध्ये कोणी तोडलं नाही. करवंटी बुडाली, मग वाटी बुडाली आणि मथुरेने टोल दिला. ठण्.

दुसऱ्या दिवशी भिवाची पाळी. त्याने आईला एक मुंगी दाखवली. एकच मुंगी, सगळी घटका. तिसऱ्या दिवशी ठकीची. ठकीने काहीच केलं नाही. मांडीवर बसून आईच्या बांगड्या वर सरकवल्या, खाली सरकवल्या. पण मजा बघा. पूर्वी मथुरा चुलीकडून पाण्याकडे नि पाण्याकडून झाडाकडे धावायची आणि टोल चुकायचा. आता दिवसातून एकदा का होईना, एका जागी बसायला लागली, तर तिचा जीव थाऱ्यावर आला. उरलेल्या वेळीही कान शाबूत राहिले. एकही टोल चुकेना. अंगणात केर मात्र साठला.

पारूकाकू म्हणाली, "मथुरे, हा केर काय लग्नाच्या वऱ्हाडाने काढायचा का गं?"

"काढला तर बरंच होईल, काकू," मथुरा म्हणाली. आणि आपण असं बोललो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग आली पौर्णिमा. मांडवात हत्ती आले, घोडे आले, सनई आली. मथुरा घंगाळ आणि करवंटी घेऊन अंतरपाटाशेजारी बसली. मागे तिन्ही पोरं. प्रधानजी येरझाऱ्या घालत होते. मुहूर्ताआधीची शेवटची वाटी आता पाण्यावर सोडायची, एवढ्यात राणी आली. नटलेली, पण डोळे लाल.

हळूच म्हणाली, "मथुरे, मागे एका दासीला तुझ्याकडे धाडलं होतं. ती निरोप न देताच जांभया देत परत आली. तेव्हा मला तुझ्या करवंटीचं कळलं. लेक आज सासरी चालली. महिनाभर शालू बघतेय, दागिने बघतेय, पाहुणे बघतेय. लेकीकडे बघायचं राहून गेलं. एकदा देशील का?"

मथुरेने ठकीकडे बघितलं. करवंटी दिवसातून एकदाच चालायची, आणि आज पाळी होती ठकीची. शिवाय मुहूर्त पुढ्यात. जरा जरी उशीर झाला, तर किल्ली गेली.

ती म्हणाली, "राणीसरकार, करवंटी आज माझी नाही. हिची आहे. हिला विचारा."

मग काय, एवढी मोठी राणी ठकीपुढे उकिडवी बसली. ठकीने तिच्याकडे बघितलं, राजकन्येकडे बघितलं. म्हणाली, "ही तुझी बाळ?"

"हो गं."

"केवढी मोठी झाली," ठकी म्हणाली. "घे. पण लवकर बस."

मथुरेने तांब्याची वाटी सोडली आणि शेजारी राजकन्येचं नाव घेऊन करवंटी सोडली. राणी लेकीला घेऊन पडद्याआड गेली.

प्रधानजी धावत आले. "राणीसरकार" म्हणायला तोंड उघडलं, आणि आली जांभई. ती बघून राजाला आली. राजाची बघून व्याह्यांना आली. सनईवाला फुंकर मारायला गेला, तर सनईतून जांभई निघाली. सगळ्यात शेवटी हत्तीने दिली, आणि त्या जांभईत मांडवाचे दोन झेंडे आत जाऊन परत आले. सारा मांडव पेंगुळला. जागी होती ती एकटी मथुरा. पाण्यावरून तिची नजर हलली नाही. वाटी भरत होती, करवंटीही भरत होती. उशीर झाला तर, हा विचार मनात आला आणि तिने तो तिथेच पडू दिला.

पडद्याआड मायलेकी काय बोलल्या, ते कोणालाच कळलं नाही. आपल्यालाही नाही.

करवंटी बुडाली. राणी आणि राजकन्या बाहेर आल्या, दोघींचे चेहरे धुतल्यासारखे. राजकन्या अंतरपाटामागे उभी राहिली न राहिली, तोच तांब्याची वाटी बुडाली. डुबुक. मथुरेने टोल दिला. असा दिला, की पेंगुळलेला मांडव खडबडून जागा झाला, अंतरपाट सरला आणि अक्षता उडाल्या.

प्रधानजींनी किल्ली मथुरेकडेच राहू दिली. म्हणाले, "तुझ्या बापाचा टोलही एवढा नेमका नव्हता."

"त्याच्या पाठीशी तीन पोरं नव्हती, प्रधानजी," मथुरा म्हणाली, आणि मान ताठ करून आपली फौज घेऊन घरी निघाली.

झालं. राजकन्या सुखात नांदली, राजा सुखात राहिला, पारूकाकूने स्वतःच अंगण झाडून टाकलं. आता तुम्हीही पाय पांघरुणात घ्या. एवढं शेवटचं ऐका आणि डोळे मिटा.

घरी आल्यावर मथुरा म्हणाली, "ठके, तुझी पाळी मी देऊन टाकली गं." ठकी उठली. स्वयंपाकघरात गेली, आमटीची वाटी घेऊन आली आणि बादलीत सोडली. त्या वाटीला भोक नव्हतं. ती बुडणार कशी?

ठकी म्हणाली, "ही तुझ्या नावाची. तू बस. मला शू लागलीय, पण ही बुडाली की मग सांगते."