एक्केचाळीस अर्थ

“मग कोशात पहिला अर्थ कोणता घालू, बुवा?”

निरंजनबुवांनी वर पाहिलं नाही. पळसाचं एक पान दुसऱ्यावर ठेवलं, काडी टोचली, उरलेली मोडून टाकली.

“कोणत्या शब्दाचा?”

“संस्कृती.”

“हं...”

हेरंब उपासनी पुण्याहून रात्रभर गाडीत बसून तापीकाठच्या या मठीत आला होता तो एवढं विचारायला. एका मोठ्या शब्दकोशाचा तो संपादक. उमेदीची बारा वर्षं त्या कामात घातलेली. ‘स’पर्यंत सारं सुरळीत आलं आणि या एका शब्दाशी गाडं अडलं. नोंद तीनदा लिहिली, तीनदा फाडली. अर्थ कमी पडत होते असं नव्हे. सगळ्यांच्या वर, सगळ्यांना पोटात घेईल असं एक वाक्य हवं होतं. तेच मिळत नव्हतं.

बुवांनी त्याला पाठशाळेत सात वर्षं व्याकरण शिकवलेलं. पुढे पाठशाळा बंद झाली. आता ऐंशी ओलांडलेले बुवा ओसरीवर बसून गावच्या भंडाऱ्यासाठी पत्रावळी टोचत होते.

“किती अर्थ सापडले?”

“एक्केचाळीस.” आकडा सांगताना हेरंबची मान किंचित ताठ झाली. “आजवर कोणत्याच कोशात बारांच्या वर नाहीत.”

“वाच.”

हेरंबने पिशवीतून कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. धातू, उपसर्ग, मधला सकार. मन आणि बुद्धी यांवर झालेला संस्कार. एका समाजाची जगण्याची रीत. उत्खननात एका थरात सापडलेली भांडी आणि हाडं, त्या सगळ्याला मिळून दिलेलं नाव. इंग्रजी शब्दाच्या पोटातली जमिनीची मशागत. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेले जंतू. कचेरीत लोक एकमेकांशी जसे वागतात ते. आणि संमेलनात भाषणं संपल्यावर होतो तो नाच.

शेवटच्या अर्थाला बुवा हसले.

“हा चांगला आहे.”

“म्हणजे बाकीचे...?”

“बाकीचेही चांगले आहेत. मेहनत दिसते.”

बुवांनी पत्रावळ बाजूला ठेवली, नवी पानं घेतली. थोडी त्याच्याकडेही सरकवली. हेरंबने एक पान उचललं, उलटंसुलटं केलं आणि परत ठेवलं.

“यातला तू कोणता वापरतोस?”

“मी?”

“तू. हा शब्द शेवटचा कधी उच्चारलास?”

“गेल्याच आठवड्यात. व्याख्यान होतं, त्यात—”

“व्याख्यानातला नको. घरातला सांग.”

हेरंबने चष्मा काढला. पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

ओसरीखाली कोंबडी पाचोळा उकरत होती...

“घरात एकदाच,” तो म्हणाला. “दीड वर्ष झालं. आई गेली त्या दिवशी. आमची माई.”

“कोणाला म्हणालास?”

“ऋजुताला. माझ्या मुलीला.”

“काय म्हणालास?”

“‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही.’”

बुवा काडी सोलत राहिले. पुढचं विचारलं नाही. न विचारल्यामुळेच हेरंबला सांगावं लागलं.

घरात माणसं तीनच. माई, तो आणि ऋजुता. माई शेवटचे आठ महिने अंथरुणावर होती आणि तिचं सगळं ऋजुताच करायची. न्हाऊ घालणं, वेणी घालणं, कुशीवर वळवणं. माईने शेवटचा श्वास सोडला तेव्हाही उशाशी तीच एकटी होती. माई गमतीत म्हणायची, माझ्या तिरडीला एक खांदा या पोरीचा, सांगून ठेवते. आणि त्या सकाळी तिरडी उचलायच्या वेळी ऋजुता खरोखरच पदर खोचून पुढे आली. अंगणात शेजारीपाजारी, कोशाच्या मंडळातली मोठी मंडळी, लांबचे काका. कोणीतरी खाकरलं. हेरंबच्या हातात अग्नीचं मडकं होतं. त्याने तिला थांबवलं. मोठ्याने नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मग?”

“मग ती मागे सरली. वाद घातला नाही. मला वाटलं, पटलं तिला.”

“खांदे किती होते?”

“चार. चुलतभाऊ दोन, कोशातला एक सहकारी...”

“तीन झाले.”

“चौथा कमी पडत होता. भाऊजींची पाठ धरलेली. काकांना झेपलं नसतं. बाकीचे पुढे होईनात. समोर इमारतीचं काम चाललं होतं, तिथला एक गवंडी आला. आपणहून. थापी ठेवली, हात धुतले, चप्पल काढली आणि खांदा दिला. स्मशानापर्यंत कोणाला बदलू दिला नाही.”

“त्याला माई ठाऊक होती?”

“नाही.”

“त्याचं नाव काय?”

“ते... विचारलं नाही.”

हे बोलताना हेरंबलाच कुठेतरी खटकलं. तो थबकला. डोळे बारीक करून समोरच्या तापीच्या पात्राकडे बघत राहिला. पाणी उन्हात स्वस्थ पडलं होतं.

“यल्लप्पा,” तो हळूच म्हणाला.

बुवांचे हात थांबले.

“विचारलं नाहीस म्हणालास.”

“मी नाही विचारलं. आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा दारात कडुलिंबाची डहाळी ठेवलेली होती. घर धुऊन काढलेलं. माईला जिथे निजवलं होतं तिथे पीठ पसरून दिवा लावलेला. चुलीवर हंडाभर पाणी तापत होतं. सगळं ऋजुताने एकटीने केलं होतं. आणि आम्ही बाहेर उभे असताना तिने पहिली बादली त्याच्यापुढे ठेवली. म्हणाली, ‘यल्लप्पादादा, आधी तुम्ही अंघोळ करा, तुमचं काम खोळंबलंय.’ म्हणजे तिने कधीतरी... त्या गडबडीत... त्याचं नाव विचारून घेतलं होतं.”

बुवांनी हातातली काडी खाली ठेवली.

“बघ बरं,” बुवा म्हणाले, “हे तुझ्या कितव्या अर्थात येतं.”

हेरंबने कागद उचलले. त्याने ते खरोखरच चाळले. बुवांनी एखादं रूप विचारलं की लहानपणी जसं पोथीत शोधायचा, तसं बोट फिरवत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेला. मग उलटा मागे आला. सतराव्या अर्थापाशी बोट जरा रेंगाळलं. पुढे सरकलं.

त्याने कागद मांडीवर पालथे ठेवले.

“आणि तू म्हणालास तो?” बुवांनी विचारलं. “तिला थांबवताना वापरलास, तो कितवा?”

“तोही नाही यात.”

“विसरलास?”

“विसरलो नाही, बुवा.” हेरंबचा आवाज खाली गेला. “लिहायला घेतला होता. नोंद तीनदा फाडली ती त्याच जागी.”

बुवांनी मान हलवली. रागाने नाही. विद्यार्थ्याने अडलेली जागा आपणहून दाखवली की ते पूर्वी हलवायचे तशी.

“मुलगी कुठे असते?”

“तेरावा झाला आणि तिने नोकरी धरली. भुसावळला. शाळेत शिकवते.”

“तू भुसावळवरूनच आलास ना?”

“हो.”

“गाडी थांबते तिथे.”

“वीस मिनिटं थांबली.”

“उतरलास?”

“...चहा प्यायला.”

बुवांनी एक पान उचललं. टोचलं नाही.

“पत्ता नाही तुझ्याकडे?”

“आहे. तिनेच पाठवलाय. पत्र आलं होतं चार ओळींचं. उत्तर लिहीन म्हणत राहून गेलं... नाही. राहून गेलं नाही. शब्द सुचेना.”

शब्दांत जन्म गेलेला तो माणूस एवढ्यावरच अडला. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला. समोर पळसाची पानं होती, त्यातलं एक त्याने घेतलं, दुसरं त्यावर ठेवलं आणि काडी टोचायला गेला. पान फाटलं. दुसरं घेतलं. तेही फाटलं. बुवांनी शिकवायला हात पुढे केला नाही. पाचव्या पानाला काडी नीट बसली.

तोवर उन्हं ओसरीच्या कडेला आली होती.

“भुसावळची गाडी साडेपाचला आहे,” बुवा म्हणाले. “फाट्यापर्यंत चालत अर्धा तास, पुढे रिक्षा मिळते.”

“आणि नोंद? महिनाअखेर कागद छापायला जायचेत.”

“असू देत.”

बुवा खांबाला धरून उठले. काठी कोपऱ्यात होती, तिच्याकडे गेले नाहीत. त्यांनी हेरंबच्या खांद्यावर हात टेकवला आणि सगळा भार त्याच्यावर टाकून पायऱ्या उतरले. हेरंबने पाऊल जपून टाकलं. दोघं अंगण ओलांडून फाटकाशी आले.

हात तसाच खांद्यावर होता.

“बुवा, दार उघडलं तिने, तर काय सांगू तिला? इतक्या दिवसांनी...”

“सांगू नकोस काही.”

“मग?”

बुवांनी हात काढून घेतला.

“विचार तिला... माई जाताना काय म्हणाली ते.”