गुळगुळीत जातं

माझं शिक्षण थोडं, शब्द साधे. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

दगड बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. मडकी घोटून गुळगुळीत करणाऱ्या एका गोट्याला, उघडून ठेवलेल्या जात्याच्या पोटावरच्या खाचा पाहून कीव आली.

"आजी, किती हे वण! घोटून देतो."

"घोट बाबा, म्हातारपणी नटू दे मला," जातं हसलं.

गोट्याने आठ दिवस खपून जात्याचा आरसा केला. पण जात्याची मालकीण हौसाबाई दळायला बसली, तेव्हा जोंधळा अख्खाच बाहेर पडला.

"आता याची पायरीच करते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटा पाथरवटाच्या टाकीपुढे, म्हणजे दगडाला खाचा पाडणाऱ्या छिन्नीपुढे, जाऊन उभा राहिला.

"ताई, जात्याला पुन्हा खाचा पाड. पण पहिला घाव माझ्यावर घाल. किती दुखतं, ते मला कळू दे."