ढबोळ्याचा मान

लखमा पाथरवटानं भर दरबारात राजाला ‘ढबोळा’ म्हटलं, आणि पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत शिपायांनी त्याच्या मुसक्या आवळल्या!

खरं तर बिचारा कौतुक करायला गेला होता. तलावाचा बांध पुरा झाला म्हणून वेळुगडच्या रुद्राजीराजांनी कामकऱ्यांना पोटभर जेवू घातलं. जेवणानंतर लखमा दरबारात येऊन हात जोडून म्हणाला, “आमचा राजा म्हंजी खरा ढबोळा!” आता राजांचं पोट अंमळ सुटलेलं होतं, आणि गडावर सगळ्या विषयांवर बोलायला मुभा होती, फक्त त्या एका सोडून. राजांचा चेहरा लालबुंद झाला.

“शास्त्रीबुवा, ढबोळा म्हणजे काय?”

त्र्यंबकशास्त्र्यांना ठाऊक नाही असा शब्द जन्माला यायचा होता. डोळे मिटून ते म्हणाले, “महाराज, ज्याचं पोट मोठं आणि अक्कल छोटी, तो ढबोळा. घोर अपशब्द!” दरबाराला फार दुःख झालं. इतकं, की निम्म्या सरदारांना तोंडात शेला कोंबावा लागला.

लखमाची लेक गोजरा बापाबरोबर दगड घडवायची. बातमी कळताच ती छिन्नी-हातोडा टाकून, धुळीनं पांढऱ्या झालेल्या हातांनी तशीच गड चढून आली. घरात तिला बापाशिवाय कुणी नव्हतं. दरबार ती पहिल्यांदाच पाहत होती, पण जीभ शाबूत होती.

“म्हाराज, माजा बा डोंगरातला हाय. तिकडं दाराम्होरं धान्याचा मोठा रांजण ठेवत्यात. वाटसरूनं भूक असंल तेवढं घ्यावं. त्यो रांजण म्हंजी ढबोळा. मग त्यो रांजण ठेवणाऱ्या दिलदार मानसालाबी लोक ढबोळा म्हनाया लागलं.”

“असं? मग आमच्याकडे त्याची शिवी कशी झाली?”

“शब्द डोंगर उतरून खाली आला म्हाराज. हितं दारात रांजण न्हाई, वाटसरूला देणारा न्हाई. मग लोकास्नी त्यातलं निस्तं प्वाट तेवढं घावलं!”

“पोथीत आधार नाही!” शास्त्री गरजले.

“डोंगरातलं डोंगरात!” राजे मांडीवर थाप मारून म्हणाले. “माझ्या गडावर ही शिवीच आहे. तुझं खरं असेल तर उद्याच्या सणाच्या दरबारात एका तरी मानकऱ्याच्या तोंडून ‘मी ढबोळा’ असं वदवून दाखव! धाक नाही, लाच नाही, आपखुशीनं म्हटलं पाहिजे. नाहीतर तुझा बाप जन्मभर अंधारकोठडीत!”

सरदार खो खो हसले. शास्त्र्यांनी तर नुसत्या कल्पनेनंच कानांवर हात ठेवले.

गोजरानं त्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. कोण कुणाच्या पुढे बसलंय, कुणाचा डोळा कुणाच्या गादीवर आहे, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. मग ती म्हणाली, “जमंल म्हाराज! पर उद्या दरबारात एक लोड माज्या मनानं मांडू द्या. आन् त्याच्याम्होरं एक विडा.”

“एवढंच? मांड की!”

वेळुगडच्या दरबारात बसायच्या जागेवरून जेवढी युद्धं झाली तेवढी सरहद्दीवरही झाली नव्हती. निळोजीराव आणि दौलतराव या सरदारांच्या घरांत तर दुसऱ्या लोडावरून आजोबांपासून बोलणं बंद होतं. लढाईत मागे राहिलं तर चालायचं, मानाच्या विड्याला मागे राहणं म्हणजे घराण्याला बट्टा!

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पाहतात तो काय, राजांच्या उजव्या हाताला, पहिल्या लोडाच्याही पुढे, एक नवा लोड! गोजरानं भालदाराला खूण केली. भालदार ओरडला, “ही ढबोळ्याची बैठक! आजपासून दरबारचा पहिला विडा ढबोळ्याचा! जो कुणी ढबोळा असेल त्यानं विराजमान व्हावं!”

राजे मिशीत हसले, पण अडवलं नाही. सगळे आधी लोडाकडे बघत होते, मग एकमेकांकडे. गोजरानं विडा आणखी थोडा पुढे सरकवला.

शेवटी निळोजीराव खाकरले. “तसे आमचे आजोबा डोंगराकडचेच. घरात थोडाफार ढबोळेपणा होता म्हणतात.”

“थोडाफार?” दौलतराव ताडकन उठले. “आमच्याकडे तो पिढीजात आहे! माझा आजा ढबोळा, माझा बाप ढबोळा, आणि मी तर सगळ्यांत मोठा ढबोळा!”

“तुम्ही कसले ढबोळे? ढबोळे आम्ही!”

दोघांचे फेटे सुटले. तेवढ्यात त्यांच्या मधून वाट काढत, सोवळं सावरत, शास्त्रीबुवा पुढे घुसले आणि थेट लोडाला टेकून बसले!

“शांत व्हा! ढबोळा म्हणजे दातृत्वाचा महासागर. हा अर्थ मुळीच नवा नाही. आणि शास्त्राधारे या दरबारात अस्सल ढबोळा एकच. मी!”

“शास्त्रीबुवा,” राजे म्हणाले, “काल तर ढबोळ्याची अक्कल छोटी होती!”

“कालचा अर्थ वरवरचा होता, महाराज,” विड्याकडे हात नेत शास्त्री म्हणाले.

राजे इतके हसले, इतके हसले, की त्यांचं ते सुटलेलं पोट सगळ्या दरबारादेखत गदागदा हललं, आणि त्यांना त्याची फिकीरही राहिली नाही. डोळे पुसत त्यांनी विचारलं, “पोरी, काल शिवी होती, आज तिच्यासाठी मारामारी! एका रात्रीत शब्दाचा अर्थ फिरवलास तरी कसा?”

“शब्दाला म्या हातबी न्हाई लावला म्हाराज! निस्ता त्याला टेकाया लोड दिला!”

“शाबास!” राजांनी आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हातात घातलं. लखमाला वाजतगाजत आणवलं, शास्त्र्यांना उठवून त्याला लोडाशी बसवलं आणि पहिला विडा आपल्या हातानं दिला.

शास्त्रीबुवा मुळीच रागावले नाहीत. ते जरासे सरकून लखमाला खेटून बसले. ढबोळ्याच्या शेजारी बसण्याचा मान काही कमी नव्हता!