राजाच्या बाजारात घोरणं कुणी आणलं?

सोनटेकच्या राजाने भलामोठा बाजार बांधला, पण बाजारात कुणी येईचना!

दगडी ओटे होते, वर नवं कौलारू छप्पर होतं, दारात दोन दगडी सिंह होते. पहिल्या दिवशी आली फक्त एक शेळी. तिच्या मागोमाग धापा टाकत तिचा मालक आला. राजा शूरभानू आनंदाने पुढे धावला.

"या, या! काय विकायला आणलंत?"

"काही नाही महाराज. शेळी पळाली."

"मग शेळी विका!"

"विकायची असती, तर शोधायला कशाला आलो असतो?"

विकणारे म्हणत, "आधी गिऱ्हाईक येऊ दे, मग दुकान मांडू." गिऱ्हाईक म्हणत, "आधी दुकानं लागू देत, मग येऊ." शेवटी राजा आणि दिवाणजी दोघेच बाजार चालवू लागले. सकाळी दिवाणजी राजाला मुळा विकत, दुपारी राजा तोच मुळा दिवाणजींना विकत असे. चार दिवसांत मुळ्याने मान टाकली आणि घासाघीस करून दोघांनी बोलणंही टाकलं.

"सगळा दोष दवंडीवाल्याचा!" दवंडीवाल्या हैबतीला समोर उभं करून राजा गरजला. "त्याच्या आवाजात जोर नाही. हैबती, येत्या मंगळवारी बाजार गच्च भरला पाहिजे आणि दिवेलागणीपर्यंत भरलेलाच राहिला पाहिजे. तिजोरीतून दमडी मिळणार नाही, शिपाई मिळणार नाहीत. नाही जमलं, तर बिऱ्हाड उचलायचं आणि राज्याबाहेर जायचं!"

हैबती घरी येऊन चुलीपाशी बसला. त्याची मुलगी येसू भाकरी थापत होती. ती हात धुऊन उठली आणि तिने खुंटीवरचा ढोल गळ्यात अडकवला.

"अगं येसे, मी घसा फुटेपर्यंत ओरडलो. तू आणखी काय ओरडणार?"

"मी ओरडणार नाही, आबा. मी ऐकणार."

येसूने चावडीसमोर ढोल वाजवला. लोक सवयीने दारात आले.

"सांगा हो सांगा!" येसू म्हणाली. "तुमच्या घरात काय जास्त झालंय? आणि काय कमी पडतंय?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. दवंडी पिटणाऱ्याने आजवर त्यांना काही विचारलंच नव्हतं! आणि एकदा सुरुवात झाली, मग कुणी थांबेना.

"आमच्या ह्यांचं घोरणं फार झालंय," लोहाराची बायको म्हणाली. "भांडी फळीवरून पडतात!"

"माझ्या कलिंगडांवर कोल्हे येतात," एक मळेवाला म्हणाला. "राखण करायला माणूस मिळत नाही."

भागूबाईकडे मांजरी जास्त झाल्या होत्या. मोतीशेठच्या धान्याच्या कोठारात मांजरच नव्हतं. चंद्राआत्यांकडे सल्ले जास्त झाले होते, कारण त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी कानात कापूस घातला होता. कुंभाराची नवी सून मात्र रडकुंडीला आली होती. घरात वडीलधारं कुणी नाही, लोणचं कसं घालायचं ते विचारायचं कुणाला?

येसूने सगळं ध्यानात ठेवलं. मग ती एकेकाकडे पुन्हा गेली आणि प्रत्येकाला एवढंच म्हणाली, "मंगळवारी राजाच्या बाजारात अमुक ओट्यावर या. तुम्हाला हवं ते तिथे येणार आहे."

मंगळवार उजाडला. लोहार उशी घेऊन आला, आणि कोल्हे पळवायला मळेवाल्याने त्याचं घोरणंच ठरवून टाकलं. भागूबाई म्यांव म्यांव करणारी टोपली घेऊन आली. मांजरी आल्या म्हणून दूधवाला आला. दूध आलं म्हणून पेढेवाला आला. पेढे आले म्हणून शाळाच सुटली! आणि पोरांना शोधायला आलेल्या आयांनी जाता जाता बांगड्या भरून घेतल्या. दुपारपर्यंत दगडी सिंहांच्या पाठीवरही माणसं बसली.

राजा आला आणि खूश झाला. थोड्या वेळाने मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाजार माझा आणि यातली एकही वस्तू माझी नाही? आजपासून प्रत्येक देवघेवीत निम्मा वाटा माझा!"

दूधवाल्याने कासंडी उचलली, भागूबाईने टोपलीचं झाकण लावलं. दिवेलागणीला अजून बराच वेळ होता. हैबती मनातल्या मनात बिऱ्हाड बांधू लागला.

येसू पुढे झाली. "थांबा सगळे! महाराजांचा वाटा आत्ताच देऊन टाकू. लोहारकाका, मध्यरात्रीपर्यंत मळ्यात घोरा, पुढे पहाटेपर्यंत महाराजांच्या पलंगाशेजारी!"

लोहाराने नमुना दाखवला. छपराची दोन कौलं खाली आली.

"मांजरी निम्म्या राजवाड्यात. वाटणी करून एक उरते, ती मधोमध कशी वाटायची ते दिवाणजी सांगतील."

दिवाणजी खांबाआड गेले.

"आणि चंद्राआत्या, निम्मे सल्ले रोज सकाळी महाराजांना!"

"आजच सुरू करते की!" चंद्राआत्या सरसावल्या. "महाराज, पागोटं किती घट्ट बांधलंय! डोकं दुखेल. उन्हात असं उभं राहू नये. तोंड किती सुकलंय! जेवताना बोलता ना तुम्ही? दिसतंच आहे. आणि ही मिशी..."

"बस्स!" राजा ओरडला. "नको मला वाटा! पण पोरी, एवढा बाजार बांधून मग मला मिळालं काय?"

"महाराज, कुणाकडे काय आहे आणि कुणाला काय हवंय, हे आज इथे कळलं. म्हणून उद्या हेच लोक परत येतील, आणि येताना शेजाऱ्यांना घेऊन येतील. वस्तू त्यांच्या, गर्दी तुमची! आता तुम्हीच सांगा, गर्दी निम्मी कापून कुणी घरी नेली आहे का?"

राजाने गर्दीकडे पाहिलं, मग येसूकडे पाहिलं, आणि तो जो हसत सुटला, तो पोट धरून ओट्यावरच बसला.

"हैबती, बिऱ्हाड जागेवर राहू दे! आणि हा दारातला पहिला ओटा कायमचा येसूचा. इथे बसून तिने येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, काय जास्त झालंय आणि काय कमी पडतंय!"

"मग पहिलं तुम्हालाच विचारते, महाराज," येसू म्हणाली. "तुमच्याकडे काय जास्त झालंय?"

"हुकूम!" राजा हसत म्हणाला.

"बरं झालं! दाराबाहेर एक म्हैस आडवी बसली आहे. कुणाचं म्हणून ऐकत नाही. चला!"