करवी कुठे फुलली?

मधमाश्यांना अजून नाचता येत नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. डोंगरावर सात वर्षांनी करवी फुलली होती. फुलं थोड्याच दिवसांची, आणि पोळ्यात नुसता गलका! बाहेरून आलेली प्रत्येक माशी आपलंच सांगे, दुसरीचं ऐके कोण? राणीमाशीचं डोकं उठलं. तिने दवंडी पिटली, "फुलं कुठे आहेत हे जो आम्हांला नीट दाखवील, त्याला पोळ्यात मानाची जागा!"

आधी मोर आला. त्याने पिसारा फुलवला आणि पिसापिसावर एकेक फूल दाखवलं. माश्यांनी पंखांच्या टाळ्यांचा कडकडाट केला.

"दिसतंय झकास, पण बाबा, उडायचं कुठे?" राणीने विचारलं.

"राणीसाहेब, रंग बघा की रंग!" मोर म्हणाला.

मग कोळीण आली. तिने फुलागणिक एक धागा विणला. एकही फूल सुटलं नाही. पण जाळं वाचायला गेलेल्या दोघी त्यातच चिकटल्या आणि त्यांना सोडवण्यात दुपार गेली.

एवढ्यात ठुमकी नावाची माशी परागाने माखून आली. तिला इतकी धाप लागली होती की शब्द फुटेना. ती कड्याकडे तोंड करून पोट हलवत लांबवर धावली, मागे आली, पुन्हा तशीच धावली.

"ना रंग, ना नक्षी," कोळीण फणकारली. "बघा, एक टाळी पडली नाही!"

राणीने वळून पाहिलं आणि ती खुदकन हसली. टाळी वाजवायला पोळ्यात होतं कोण? सगळ्या केव्हाच कड्याकडे उडाल्या होत्या.