पहिल्या जागेचा दगड

"दगडाला लोबान देता, बाबा, आणि माझ्या पाच मजली मॉलकडं ढुंकूनही बघत नाही?"

फकीर जमालबाबांनी मान वर केली नाही. धूपदाणीतला धूर ते मोरपिसांनी फुटपाथवरच्या एका काळ्या दगडावर सारत राहिले. दगडाभोवती हातभर जागा मोकळी होती. तिच्या पलीकडं कंगवे-पिना मांडून साळूबाई, तिला लागून बांगड्यांची हुसेनबी आणि पुढं आणखी सात जणी, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या.

देवीदास उंबरजे खवळला. खवळणारच. उभ्या शहरात एवढा मॉल दुसऱ्या कुणी बांधला नव्हता. सरकता जिना बघायला तालुक्याहून माणसं येणार होती. रविवारी उद्घाटन, आणि गाड्या आत वळायच्या त्या तोंडाशीच ही ओळ! शनिवारी पालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी येणार होती, ती तजवीज त्यानं करून ठेवली होती. पण ऐन वेळी बायांची रडारड, फोटो, बातम्या... ते त्याला नको होतं. बाबांनी शब्द टाकला की बाया मुकाट उठतील, हे तो जाणून होता. त्याला स्वतःला बाबांनीच घडवलं होतं. रिबिनींची टोपली घेऊन तो या बाजारात आला, तेव्हा 'आधी बसायला शीक, मग विकायला' हे त्यांनीच त्याला सांगितलं होतं.

"आत चला, बाबा. ऐंशी दुकानं आहेत. ऐंशी ठिकाणी लोबान द्या."

"आत कोण बसतं?"

"मोठमोठ्या कंपन्या आहेत."

"कोण बसतं, ते विचारलं."

"बसत कुणी नाही. पगारी पोरं उभी असतात."

"मग धूर ओढून कोण घेणार?"

फकिरानं दारात धूपदाणी धरायची आणि गादीवरच्या माणसानं दोन्ही हातांनी धूर तोंडावर ओढून घ्यायचा, ही रीत देवीदासला सांगायला नको होती. दर गुरुवारी, दिवेलागणीला, हे त्यानं वर्षानुवर्षं केलं होतं.

"हा दगड तरी कुठं ओढून घेतो?"

"दगडाचा माणूस भाकरी खायला गेलाय."

"कधी येणार?"

"बावीस वर्षं झाली. येईल."

साळूबाई पदर तोंडाला लावून हसली. देवीदासच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"बावीस वर्षं जागा अडवून ठेवली? कुणाचा आहे हा दगड?"

बाबा नुसते धूर सारत होते...

"तुझाच की रं, देवा," साळूबाई म्हणाली.

त्याला आठवलं. एका दुपारी स्टेशन रोडला गाळा बघायला जाताना त्यानं जागेवर दगड ठेवला होता. सगळेच ठेवायचे. उठलेल्याचा दगड दुसऱ्यानं हलवायचा नाही, हा ओळीचा कायदा. गाळा मिळाला. मग दुसरा, मग गोदाम, मग हा मॉल. दगड राहून गेला तो गेलाच.

"अगं, मग घ्यायची होती ना तुम्ही जागा! एवढ्या दाटीवाटीनं बसता..."

"दगड होता ना," हुसेनबी म्हणाली. तिला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

देवीदासला लाज वाटली. लाज वाटली म्हणूनच तो अधिक ताठ झाला.

"बरं. दगड माझा. उपकार झाले. आता बाबा, यांना उठायला सांगा."

"उठतील. पहिली जागा उठली की उठतील."

"म्हणजे?"

"म्हंजी काय?" साळूबाईनं कंगव्यांची पाटी जवळ ओढली. "शनिवारी गाडी आनतोस म्हनं. आन. गाडीपुढं बी बसू. आमी काय आज बसलोय व्हय? पर वळीत पयली जागा तुझी हाय. तू उठल्याबिगर आमी कशा उठाव्या?"

"एवढंच ना?"

त्यानं बाह्या वर सारल्या. तो वाकला. दोन्ही हात दगडाला लावले. दगड काही फार जड नव्हता.

"रीतीनं उचल," बाबा म्हणाले. "जागा सोडताना काय म्हणायचं, शिकवलं होतं."

शिकवलं होतं. जागा कायमची सोडणाऱ्यानं दगड शेजारणीच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, 'माझं भागलं, आता तुम्ही बसा.' त्याच्या डोळ्यांदेखत किती जणांनी असा दगड दिला होता. कुणी म्हातारपणामुळं, कुणी पोराला नोकरी लागली म्हणून.

साळूबाईनं हात पुढं केले. बाकीच्या आठ जणींनी गिऱ्हाईकं थांबवली आणि त्याच्याकडं बघत राहिल्या.

"माझं..." देवीदास म्हणाला.

पुढं काही येईना. सहाव्या मजल्याची परवानगी मागणारा अर्ज त्यानं सकाळीच दिला होता. शेजारच्या शाळेच्या मैदानाचंही बोलणं चालू होतं...

साळूबाईचे हात तसेच पुढं होते. तिला घाई नव्हती.

"तेवढं मी म्हणणार नाही," तो तटकन म्हणाला. "नुसता उचलतो आणि बाजूला ठेवतो."

जमालबाबांनी धूपदाणी उचलली आणि वाकलेल्या देवीदासच्या तोंडासमोर धरली.

"मग राहू दे तो तिथंच. तुझं अजून भागलेलं नाही."