म्हाकूनं मेंढरांना लस टोचली

बोरमाळ गावात म्हाकू नावाचा एक मेंढका राहायचा. भोळा! इतका भोळा, की पाहुण्याला 'घर आपलंच समजा' म्हणायचा आणि स्वतः बाहेर जाऊन झोपायचा.

त्याची चाळीस मेंढरं होती. पल्याडच्या वाडीत रोग शिरला, तिथली मेंढरं पटापटा मरायला लागली. म्हाकूची बायको सगुणा धास्तावली. "अवं, ही चाळीस गेली तर आपण खायाचं काय?"

गुरांच्या डॉक्टरीणबाई एक नवी लस करून बघत होत्या. मधमाशा पोळ्याच्या फटी बुजवतात ना, तो चिकट डिंक त्या लसीत घालायचा. त्यानं लसीला जोर येतो, असं बाईंचं म्हणणं. त्या म्हणाल्या, "म्हाकूदादा, मधवाल्याकडून तेवढा डिंक आणा."

म्हाकूनं डिंकाचा गोळा डोक्यावर ठेवला आणि भर उन्हात निघाला. डिंक वितळून केसांत बसला.

"अहो, बर्फाच्या पेटीत घालून आणायचा!"

"बरं बाई. पुढच्या खेपंला तसं."

दुसऱ्या दिवशी सगुणानं त्याला माहेराहून कोकरू आणायला धाडलं. म्हाकूनं कोकरू बर्फाच्या पेटीत घातलं. ते घरी आलं शिंका देतच.

"अवं, जित्या जिवाला कोंडत्यात व्हय? मोकळं ठेवावं, वारा लागू द्यावा!"

"बरं. पुढच्या खेपंला तसं."

बाईंनी दुसरा डिंक मागवून लस तयार केली. बाटल्या म्हाकूच्या हातात देऊन म्हणाल्या, "ही लस जिवंत आहे हो, जपून न्या. मी मागून येतेच."

जिवंत म्हटल्यावर म्हाकूनं वाटेत सगळी बुचं काढली. वारा लागू दिला. घरी पोचेस्तोवर लस सांडून बाटल्या रिकाम्या.

सगुणानं कपाळावर हात मारला. रडायलाच लागली बिचारी. बाईंनी तिची समजूत काढली. "उद्या दुपारी दुसरी आणते. एकदा टोचली की मग रोगाला भ्यायचं कारण नाही."

म्हाकूनं विचारलं, "बाई, त्यात असतं तरी काय?"

"सांगितलं ना, मधमाशीचं औषध. ते सुईनं टोचायचं."

म्हाकू विचारात पडला. बायकोचं रडणं त्याला बघवेना. औषध मधमाशीचं. सुईपण मधमाशीकडं. मग उद्या दुपारची वाट कशाला बघायची?

सकाळी उठून त्यानं मधवाल्याकडची मधमाशांची पेटी उचलली, मेंढरांच्या कुंपणात नेली आणि उघडली. अरे बापरे! मेंढरं लोकरीत निवांत, पण गावात पळापळ झाली. सरपंच विहिरीत उतरले, मास्तर कणगीत बसले.

दुपारी बाई लस घेऊन आल्या. कुंपण रिकामं. दारात म्हाकू उभा, तोंड भोपळ्याएवढं, एकच डोळा उघडा.

"मेंढरं कुठायत?"

"टोचून झालं बाई. आता रोगाला भ्यायचं कारण न्हाई. म्हणून सगळी पल्याडच्या वाडीत चरायला सोडून आलो. गवत लई माजलंय तिथं. खायाला एक मेंढरू उरलं न्हाई!"